फाफेचे वाचक, कालचे आणि आजचे

भा. रा. भागवतांच्या ‘फास्टर फेणे’ला दाद दिली ती आधी पोरांनी, समीक्षक बरेच मागाहून आले. साठ-सत्तरच्या दशकांत ही दाद वाचनालयात दिसायची. पुठ्ठा निखळलेला, कोपरे दुमडलेले, शिवण उसवलेली अशा अवस्थेत पुस्तक परत यायचे आणि कपाटात जायच्या आत दुसऱ्याच्या नावावर चढायचे.

फुरसुंगीचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे, म्हणजेच फाफे, पुण्याच्या विद्याभवनात शिकतो. अंगाने काडीपैलवान, पण सायकलवर बसला की कुणाच्या बापाला ऐकणार नाही! काही खटकले, सुचले की तोंडातून ‘ट्टॉक्’. पोरांनी तो आवाज लगेच उचलला. वर्गात मास्तरांची पाठ फिरली की मागच्या बाकावरून ‘ट्टॉक्’ ऐकू यायचे. लेखकाला याहून रोकडी पोचपावती कोणती मिळणार?

तोवर थरार हवा असेल तर बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड होते. पण ते मोठ्यांचे नायक, आणि बऱ्याच घरांत ते चोरूनच वाचावे लागत. फाफे उजळ माथ्याने वाचता येई. तो आपल्याच वयाचा, शाळेत जाणारा, आणि त्याचे गाव खरोखरच पुण्याजवळ. ज्यूल व्हर्नला मराठीत आणणाऱ्या भागवतांना साहसकथेची वीण नेमकी ठाऊक होती. वीस पुस्तकांची मालिका झाली, तरी वाचक ‘पुढचे कधी?’ विचारतच राहिले.

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर सुमीत राघवन फाफे झाला आणि पुस्तक न वाचलेली मुलेही ‘ट्टॉक्’ करू लागली. 2001 मध्ये भागवत गेले. तोवर पहिले वाचक पन्नाशीकडे झुकले होते. त्यांनी पुन्हा पुस्तके काढली, तेव्हा उणिवाही दिसल्या: योगायोग हवा तेव्हा हजर होतो, मुलींच्या वाट्याला साहस कमी येते. तक्रारी रास्त आहेत. तरी पान सुटत नाही, हेही तेच वाचक सांगतात.

ऑक्टोबर 2017 मध्ये आदित्य सरपोतदारांचा चित्रपट आला. अमेय वाघचा फाफे वैद्यकीय प्रवेश परीक्षेसाठी पुण्यात येतो, आणि दिलीप प्रभावळकर चक्क भा. रा. भागवत होतात. जुन्या वाचकांत दोन तट पडले. आमचा शाळकरी फाफे मोठा का केला, असे काहींचे म्हणणे. निदान नवी पिढी नाव तरी ऐकेल, असे इतरांचे.

या सगळ्या कौतुकात एक गोष्ट सलते. फाफेबद्दल आज भरभरून बोलतो तो केस पिकलेला वाचक; दहा-बारा वर्षांच्या मुलाचे मत कुठे फारसे ऐकू येत नाही. बालसाहित्याचा खरा निकाल मात्र त्याच्याच हाती असतो. तेव्हा आपल्या आठवणी जरा आवरू या. घरातल्या मुलाच्या हाती एक फाफे द्या, नाही आवडला तर का, तेही विचारा, आणि मध्ये न बोलता ऐकून घ्या.