भीतीचा रतीब

'झी हॉरर शो' पाहिलेल्या कुणाही चाळिशीपुढच्या माणसाला विचारून पाहा. शीर्षकसंगीत त्याला लगेच आठवतं. करकरणारा दरवाजा आठवतो, निळ्या उजेडातला धूर आठवतो, पांघरुणाच्या फटीतून एका डोळ्याने टीव्ही बघणारी धाकटी बहीण आठवते. 'बरं, गोष्ट काय होती?' म्हटलं की गाडी अडते. १९९३ मध्ये सुरू झालेला हा कार्यक्रम २००१ पर्यंत चालला. एवढ्या वर्षांच्या पसाऱ्यातून बहुतेकांच्या हाती एखादीच गोष्ट उरली आहे, आणि तीही अर्धीमुर्धी.

भयकथांच्या मालिकांचं हे जगभरचं दुखणं आहे. नवी गोष्ट, नवी माणसं, नवं भूत. एक गोष्ट अशी जमते की रात्री मोरीपर्यंत जायला सोबत लागते. पुढचीत भुताच्या मुखवट्याची शिवण दिसते आणि घरभर हशा पिकतो. खापर बहुतेक वेळा दिग्दर्शकावर फुटतं. पण खोट या प्रकाराच्या घडणीतच आहे. टीव्हीचा धंदा रतिबावर चालतो: ठरल्या वारी, ठरल्या वेळी, ठरल्या मापाने. भीतीला हे माप मानवत नाही.

आधी धंद्याची बाजू पाहू. डेली सोपचा दिवाणखाना एकदा उभा केला की त्यात शेकडो भाग निघतात. तीच सासू, तोच सोफा, तोच जिना. स्वतंत्र कथांच्या मालिकेत दर वेळी कलाकार नवे, जागा नवी, कपडेपट नवा. शिवाय प्रेक्षकाला पात्रांची ओळख शून्यापासून करून द्यायची. ज्या माणसाशी दहा मिनिटांपूर्वी ओळख झाली तो विहिरीत पडला काय आणि वाचला काय! त्याची काळजी वाटायला लागेपर्यंत जाहिराती सुरू होतात.

'झी हॉरर शो' करणाऱ्या रामसे बंधूंना ही अडचण कळली होती. 'दो गज ज़मीन के नीचे' (१९७२) आणि 'पुराना मंदिर' (१९८४) या चित्रपटांनी त्यांनी हिंदीत भयपटाचा स्वतःचा बाजार उभा केला होता. टीव्हीवर येताना त्यांनी एक गोष्ट एका रात्रीत उरकली नाही; ती काही आठवडे पुरवली. 'दस्तक' या पहिल्याच कथेत पंकज धीर आणि अर्चना पूरण सिंग होते. त्यामुळे माणसांची थोडी सवय होई आणि मग त्यांच्या खिडकीबाहेरचा हात जास्त झोंबे. कथा संपली, नवी सुरू झाली, की पुन्हा पहिले पाढे.

सोनी वाहिनीवरच्या बी. पी. सिंग यांच्या 'आहट'ने (१९९५) वेगळी वाट धरली. सुरुवातीच्या कथांमध्ये भुतापेक्षा गुन्हा आणि रहस्य यांचा भरणा अधिक होता. अमानवी प्रकार पुढे वाढत गेला. मालिकेचे सहा हंगाम झाले, शेवटचा २०१५ मध्ये. सिंग यांच्याच 'सीआयडी'शी (१९९८) तुलना केली की फरक डोळ्यांत भरतो. 'सीआयडी'तही दर भागात नवं प्रकरण असे. पण दार तोडायला दया ठरलेला आणि शिवाजी साटमांचा प्रद्युम्न ठरलेला. एखादी कथा पडेल निघाली तरी प्रेक्षक या मंडळींना भेटून जाई. 'आहट'मध्ये कथा पडली की हाती काहीच उरत नसे. स्टार प्लसच्या 'श्श्श्श... कोई है'ने तर हे गणित ओळखून पुढे विकराल नावाचा भूतपकड्या नायकच आणला. मुलांना तो आवडला. भीती मात्र तिथेच ओसरली, कारण विकराल येणार आणि भूत बाटलीत जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं.

नगर जिल्ह्यातल्या पारनेरसारख्या तालुक्यात या मालिकांना आणखी एक शत्रू होता. नव्वदच्या दशकात केबलची वायर गावठाणापुरती. मळ्यातल्या वस्तीवर अँटेना फिरवून दूरदर्शन दिसेल तेवढं. पुढे टीव्ही वस्तीवर पोचले तर भारनियमन आलं. रोजच्या मालिकेत लाईट गेली तरी बिघडत नाही. दुसऱ्या दिवशी मागचा सारांश दाखवतात, नाहीतर शेजारीण सांगते. भयकथा पाऊण झाली आणि लाईट गेली, तर त्या बाईचं पुढे काय झालं हे कायमचं अंधारात. एका अर्थाने अशा प्रेक्षकांचा फायदाच झाला म्हणायचा, कारण शेवटच्या पाच मिनिटांत ही भुतं सहसा हास्यास्पद होत.

अमेरिकेत ज्या मालिकेला या प्रकाराची गंगोत्री मानतात, ती रॉड सर्लिंगची 'द ट्वायलाइट झोन' १९५९ ते १९६४ या काळात १५६ भाग चालली. त्यातले ९२ भाग एकट्या सर्लिंगने लिहिले. सिगारेट धरलेला, काळ्या सुटातला हा माणूस स्वतः पडद्यावर येऊन प्रस्तावना करी. चेहरे बदलत, पण सांगणारा बदलत नसे. तरीही मालिका समान उंचीची राहिली नाही. चौथ्या हंगामात अर्ध्या तासाचे भाग एका तासाचे झाले आणि कथा पातळ झाल्या. पाचव्यात पुन्हा अर्ध्या तासावर यावं लागलं. पुस्तकवेड्या कारकुनाची 'टाइम इनफ ॲट लास्ट' ही कथा घ्या. अणुस्फोटातून एकटा वाचलेला हा माणूस ग्रंथालयाच्या पायरीवर आयुष्यभराच्या वाचनाचे ढीग लावतो आणि त्याच क्षणी त्याचा चष्मा फुटतो. पंचवीस मिनिटांत संपते म्हणून ती बोचते. ताणली असती तर चष्मा फुटणार हे प्रेक्षकाने आधीच ओळखलं असतं.

सांगणारा एक नसला की काय होतं, याचे नमुने अलीकडचे आहेत. 'मास्टर्स ऑफ हॉरर' (२००५-०७) या मालिकेत जॉन कारपेंटर, जो दान्ते असे नाणावलेले दिग्दर्शक एकेक तास वाटून घेत. जपानच्या ताकाशी मीकेचा भाग इतका अंगावर आला की तो अमेरिकी वाहिनीने दाखवलाच नाही. नेटफ्लिक्सवर २०२२ मध्ये आलेल्या 'कॅबिनेट ऑफ क्युरिऑसिटीज'मध्ये गिएर्मो देल तोरो एका अजब कपाटातून त्या भागाच्या दिग्दर्शकाची छोटी मूर्ती काढून टेबलावर ठेवतो आणि बाजूला होतो. आठ दिग्दर्शक, आठ तऱ्हा. डेव्हिड प्रायरची 'द ऑटोप्सी' शवविच्छेदनाच्या टेबलावर प्रेक्षकाला खिळवून ठेवते. बाकीच्या सात एकाच बैठकीत तितक्याच आवडलेला माणूस सापडणं अवघड. आपल्याकडे 'घोस्ट स्टोरीज'चं (२०२०) तेच झालं. झोया अख्तर, अनुराग कश्यप, दिबाकर बॅनर्जी आणि करण जोहर एका ताटात वाढले होते; त्यात बॅनर्जींचं माणसं खाणारं गाव तेवढं लक्षात राहतं.

टीव्हीला कोणती भीती परवडते, या प्रश्नाचं उत्तर मराठीत दोन लेखकांच्या नावाने शोधता येतं. नारायण धारप (१९२५-२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८-२०२०). धारपांच्या कथांवर स्टार प्रवाहने 'अनोळखी दिशा' केली, मतकरींच्या गूढकथांवर 'गहिरे पाणी' आली. वाचकांत दोघांचेही भक्त कमी नाहीत. पण धारपांची कथा माणसाच्या आकलनापलीकडच्या, पुरातन, पाशवी शक्तीकडे जाते. कागदावर तो आकार वाचकाचं मन घडवतं. पडद्यावर तो संगणकाला आणि रबराला घडवावा लागतो, आणि मराठी वाहिनीच्या बजेटात त्याची पार रया जाते. मतकरी मुळात नाटकवाले. 'खेकडा'सारखी कथा लिहिणाऱ्या या लेखकाचं भय चाळीतल्या खोलीत, फ्लॅटच्या बाल्कनीत, नवरा-बायकोच्या बोलण्यात दडलेलं असतं. त्याला दोन चांगले नट, एक खोली आणि योग्य जागी घेतलेला पॉज पुरतो. टीव्हीला परवडणारी भीती ही अशी आहे. धारपांना न्याय द्यायला मोठा पडदाच लागला: राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड'च्या (२०१८) मुळाशी नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने सांगितलेली धारपांची कथा आहे, आणि चित्रपट पुरा व्हायला वर्षानुवर्षं लागली. २०२४ मध्ये तो पुन्हा लागला तेव्हा त्याने पहिल्या वेळेपेक्षा जास्त गल्ला जमवला.

मराठी माणसाला सुट्या भयकथांचं वावडं कधीच नव्हतं. अनंत अंतरकरांच्या 'नवल'ने आणि पुढे 'धनंजय'ने दिवाळीच्या फराळाबरोबर भुतं वाढली, आणि लोकांनी ती चवीने खाल्ली. एखादी कथा फसली तर वाचक पानं उलटतो. टीव्हीसमोर तास गेला तो गेला. शिवाय दिवाळी अंक वर्षातून एकदा येतो. इंग्लंडात बीबीसीने १९७१ ते १९७८ या काळात नाताळला दरवर्षी एक भूतकथा दाखवली. बहुतेक कथा एम. आर. जेम्सच्या, तर १९७६ची 'द सिग्नलमन' डिकन्सची. वर्षाला एक म्हणजे निवडायला, लिहायला, चित्रित करायला सवड. दर आठवड्याला एक याप्रमाणे वर्षाला बावन्न भुतं लागतात, आणि इतकी चांगली भुतं कुठल्याच भाषेत नाहीत.

झी मराठीने २०१६ मध्ये 'रात्रीस खेळ चाले' आणली तेव्हा हा पेच सरळ ओलांडला. एकच वाडा, एकच नाईक कुटुंब, कोकणातली एकच वाट. प्रेक्षक अण्णांना आणि नंतर शेवंताला बघायला येऊ लागले. भीती मागाहून आपोआप येई. मालिकेचे तीन हंगाम निघाले.

कोकण आणि हवेली यापलीकडे आपलं टीव्हीवरचं भय फारसं गेलेलं नाही, ही मात्र तक्रार करावीशी वाटते. कान्हूर पठाराचा उघडा माळ, जिथे रात्री वाट चुकलेला माणूस 'चकवा लागला' म्हणतो. टाकळी ढोकेश्वरची लेणी. जामगावचा महादजी शिंद्यांचा वाडा. निघोजला कुकडीच्या पात्रात पाण्याने कोरलेले खोल रांजणखळगे. एकट्या पारनेर तालुक्यात एका हंगामाच्या जागा आहेत, त्याही सेट न लावता. इथल्या भुतांना धूर लागत नाही. दूरवर एकच दिवा असलेला माळ पुरे.

आता गोष्ट पुन्हा कानाकडे वळली आहे. धारप-मतकरींच्या कथा ऑडिओबुकात मिळतात, यूट्यूबवर मराठी भयकथा सांगणारे चॅनेल उदंड झाले आहेत. ऐकणाऱ्यांत रात्रीचे भरणे करणारे शेतकरीही असतात. शेतीची लाईट रात्रपाळीने येते, मोटार चालू करून कांद्याला पाणी द्यायला जावं लागतं, आणि खिशातला मोबाईल मोठ्या आवाजात बोलत ठेवावा लागतो. आवाज मोठा ठेवण्याचं कारण हडळ नव्हे. जुन्नर-शिरूरच्या बाजूने उसातून सरकत आलेला बिबट्या आता पारनेरच्या शिवारातही आहे, आणि माणसाची चाहूल लागली तर तो बाजूला होतो असं सगळेच सांगतात.