एकल पालक आणि बालकाची शाळेची पूर्वतयारी

मूल सहा वर्षांचे होत आले, की घरात शाळेचे विचार सुरू होतात. आई किंवा वडील एकट्याने मूल वाढवत असतील, तर मनात एक धास्तीही असते: आपले मूल मागे तर पडणार नाही ना? बेंगळुरूसारख्या शहरात, जेथे आजी-आजोबा दूर गावी असतात आणि कामावरून परतायला रात्र होते, ही धास्ती अधिकच जाणवते.

शाळेची तयारी म्हणजे मुळाक्षरे पाठ असणे नव्हे. आपली गरज शब्दांत सांगणे, थोडा वेळ लक्ष देऊन ऐकणे, हाताने जेवणे, शौचाला जायचे आहे हे वेळेवर सांगणे आणि पालकांपासून काही तास दूर राहणे, ही खरी तयारी होय. घरात पालक किती, यावर ती ठरत नाही. एकल पालकाला कमी पडतो तो वेळ, पैसा आणि विश्रांती. मदत तेथेच घ्यावी.

घरी काय करावे?
भाजी निवडताना शेंगा मोजाव्यात, बसची वाट पाहताना रंग ओळखावेत, झोपताना एक गोष्ट सांगावी. झोपेची वेळ ठरलेली असावी. घरात मराठीच बोलावी. घरच्या भाषेचा पाया पक्का असला, की कन्नड व इंग्रजी शिकणे सोपे जाते. पालक विभक्त झाले असतील किंवा एकाचे निधन झाले असेल, तर मुलाला ते सोप्या शब्दांत खरे सांगावे. 'यात तुझी काही चूक नाही', हे पुन्हा पुन्हा सांगावे. शिक्षिकेलाही कल्पना द्यावी.

मदत कोठे मिळेल?
• अंगणवाडीत ३ ते ६ वर्षांच्या बालकांना पूर्वप्राथमिक शिक्षण व पोषण आहार विनामूल्य मिळतो.
• ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत पाळणाघराची सोय कायद्याने आवश्यक आहे. कामाच्या ठिकाणी चौकशी करावी.
• राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत तपासणीस येते. बोलणे उशिरा येणे, कमी ऐकू येणे अशा शंका तेव्हा अवश्य सांगाव्यात.
• ५ ते ६ वर्षे वयातील डीपीटीची वर्धक मात्रा चुकवू नये.

आपलीही काळजी घ्यावी
झोप न लागणे, सतत उदास वाटणे, मुलावर वारंवार चिडणे, हा आपला कमीपणा नव्हे. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य बोलता येते. या सेवेचे शिखर केंद्र बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत आहे. पालकाला मिळालेला आधार मुलापर्यंत पोहोचतो.