गारव्याच्या नळीत तेलाचा थर

किगाली कराराची चर्चा आपल्याकडे वायूंच्या नावांपाशीच संपते. २०२८मध्ये एचएफसी या शीतक वायूंचा वापर गोठवायचा, २०४७पर्यंत ८५ टक्के कमी करायचा; मग सुपरमार्केटच्या फ्रीजरात कार्बन डायऑक्साइड भरा, झालं! बंगळुरूत हे गणित ३१ अंशांवर अडतं. त्यापुढे हा वायू कितीही दाबला तरी द्रव होत नाही, आणि २८ एप्रिल २०२४ला या ‘थंड’ शहरात पारा ३८.५वर होता. मग शंभरेक बार दाबाखाली, ना धड वायू ना धड द्रव अशा अवस्थेतच त्याला गार करायचं. ही अवस्था बंगळुरूला नवी नाही. इथल्या ‘टाटा इन्स्टिट्यूट’मध्ये, म्हणजे आयआयएससीत, प्रदीप दत्ता आणि प्रमोद कुमार यांच्या गटाने २०१७ साली तिच्यावरच वीजनिर्मितीची चाचणी यंत्रणा उभारली.

फ्रीजरवाल्याचं दुखणं मात्र वेगळं आहे: कॉम्प्रेसरमधून वायूबरोबर निसटणारं तेल. टोकियो विद्यापीठाच्या चाओबिन डांग, एइजी हिहारा आणि सहकाऱ्यांनी २००७ साली बारीक नळ्यांत पाच टक्क्यांपर्यंत पीएजी जातीचं वंगणतेल मिसळून मोजमाप केलं. उष्णता सोडण्याची क्षमता जास्तीत जास्त पाऊण भागाने घसरली, तीही शुद्ध वायू सर्वांत चोख काम करतो नेमक्या त्याच तापमानाजवळ! तेल भिंतीला धरून बसतं आणि उष्णतेची वाट अडवतं.

फ्रीजरातून उष्णता ओढणाऱ्या थंड बाजूलाही तेच. वरणाच्या कुकरात थेंबभर तेल टाकलं की फेस बसतो, हे घरोघरी ठाऊक आहे. इथे कारण वेगळं, पण फळ तसंच. कार्बन डायऑक्साइड उष्णता ओढतो तो बुडबुड्यांच्या जोरावर, आणि तेल नेमका तोच जोर कमी करतं.

तेल काढूनच टाकलं तर? कॉम्प्रेसर जाम होईल. पीओई या दुसऱ्या जातीचं तेल वायूत मिसळतं, त्यामुळे सहज परत येतं. पण बेअरिंगमध्ये पातळ पडतं. पीएजी दाटपणा टिकवतं, पण नळीत ठाण मांडतं.

बर्फाच्या कारखान्यातल्या मेकॅनिकला तेल टाकीच्या तळातून सोडायची सवय असते, कारण द्रव अमोनियात ते नेहमी बुडतं. इथे ती सवय फसते. उणे पंचवीस अंशांना द्रव कार्बन डायऑक्साइडच तेलाहून जड असतो, म्हणून तेल तरंगतं. शून्याच्या आसपास तेच तळाला जातं.

परिसंवादांत दाबातली ऊर्जा वाया जाऊ न देणाऱ्या इजेक्टरचं कौतुक फार, वायूतलं तेल वेगळं करणाऱ्या सेपरेटरचं नाव क्वचित. मला हे उलटं वाटतं. यंत्र घेणाऱ्यांनी कोटेशनवर सही करण्याआधी विक्रेत्याला एवढंच विचारावं: सेपरेटर कोणता, आणि तेल परत येतं कुठून?