उरायासु, तिसऱ्या आणि बोलकी डबी

टोकियो डिस्नेलँड टोकियोत नाही, हे आम्हांला तिथे पोचल्यावर कळलं. ते आहे शेजारच्या चिबा प्रांतात, उरायासु नावाच्या गावात. मधली नदी ओलांडली की टोकियो संपलं. मुंबईचं तिकीट काढून ठाण्याला उतरावं, तसा हा प्रकार!

आमच्या मातोश्री सहा महिने न्यू जर्सीत आमच्याकडे राहून पुण्याला परत निघाल्या होत्या. त्यांना पोचवायला आम्ही सहकुटुंब निघालो आणि वाटेत जपानमध्ये चार दिवस काढायचे ठरले. अकरा वर्षांच्या चिरंजीवांना डिस्नेलँड बघायचं होतं, सौ.ला बाजारहाट करायचा होता, आणि खरं सांगायचं तर आम्हांला नवीन घेतलेलं भाषांतराचं यंत्र चालवून बघायचं होतं. इंजिनियर माणसाची सुट्टी ही अशीच असते.

यंत्र म्हणजे तपकिरीच्या डबीपेक्षा थोडं मोठं. बटण दाबून आपल्या भाषेत बोलायचं आणि बटण सोडायचं, की दोन-तीन सेकंदांत डबी जपानीत बोलू लागते. समोरच्याचं उत्तर तसंच आपल्या भाषेत. भाषांच्या लांबलचक यादीत मराठी दिसली, तिथेच आम्ही पाकीट बाहेर काढलं होतं. माइहामा स्टेशनवर सामान ठेवायची जागा विचारून पाहिली. तिथल्या माणसाने मान लववून उत्तर दिलं आणि डबीने ते आकाशवाणीच्या बातम्या द्याव्यात तशा स्वरात मराठीत सांगितलं. आमची छाती उगाचच फुगली.

डिस्नेलँडची तिकिटं दुसऱ्या दिवसाची होती. पहिल्या दिवशी गावातल्या वस्तुसंग्रहालयात गेलो, तेही तिकीट लागत नाही म्हणून. २००१ साली उघडलेल्या या संग्रहालयाच्या अंगणात १९५२ सालच्या आसपासचं उरायासु उभं केलं आहे. कोळ्यांची लाकडी घरं, दुकानं, कालवा आणि त्यात 'बेका' नावाच्या अरुंद सपाट होड्या. आमच्या आईचं माहेर रेवदंड्याचं. होड्या दिसल्या तशी तिची गुडघेदुखी कुठल्या कुठे गेली.

तिथे गावातली वयस्कर मंडळी हौसेने माहिती सांगतात. ऐंशीच्या घरातल्या एक आजीबाई आमच्याशी बोलू लागल्या. आम्ही ऐटीत डबी पुढे केली. डबी म्हणाली, "हिवाळ्यात आम्ही गोंद वाळवत असू." थोड्या वेळाने, "लहानपणी आम्ही रोज सकाळी धुंडाळणीचं सूप पीत असू."

सौ.ने आमच्याकडे पाहिलं. आम्ही डबीकडे पाहिलं.

मग आई पुढे झाली. टोपलीतला एक शिंपला उचलून म्हणाली, "अरे, ह्या तर तिसऱ्या! यांचं सार करत असतील." आजीबाईंनी जोरजोरात मान हलवली आणि म्हणाल्या, "आसारी, आसारी!" जपानीत 'आसारी' म्हणजे तिसऱ्यांसारखे शिंपले, आणि 'आसारी' म्हणजेच धुंडाळणंही. 'नोरी' म्हणजे समुद्रातलं खायचं शेवाळ, आणि 'नोरी' म्हणजेच गोंद. लिहिताना चिन्हं वेगवेगळी, पण कानाला एकच. डबी आधी आवाजाची अक्षरं करते, मग त्या अक्षरांचं भाषांतर. पहिल्या पायरीवर घसरली की पुढचा सगळा जिना चुकला. आईला जिना लागलाच नाही, तिच्या हातात शिंपला होता. त्यानंतर पंधरा मिनिटं दोघी आपापल्या भाषेत बोलत होत्या, आणि आम्ही डबी बंद करून उभे होतो.

गावाची हकिकत मात्र वाचण्यासारखी आहे. १९५८ साली नदीकाठच्या कागद गिरणीचं काळं पाणी समुद्रात उतरलं आणि मासे-शिंपले मेले. चिडलेले कोळी गिरणीत घुसले, आणि त्याच वर्षाअखेर जपानने पाण्याच्या प्रदूषणाविरुद्धचे पहिले कायदे केले. पण समुद्र काही पूर्वीसारखा राहिला नाही. १९६४पासून भराव पडू लागला आणि १९७१मध्ये कोळ्यांनी मासेमारीचे उरलेले हक्कही सोडले. भराव घालून घालून गाव मूळच्या सुमारे चौपट झालं. त्याच नव्या जमिनीवर १५ एप्रिल १९८३ रोजी डिस्नेलँड उघडलं, अमेरिकेबाहेरचं पहिलं. आजीबाईंच्या तिसऱ्यांवर मिकी माउस उभा आहे म्हणा ना! (आमचा नरिमन पॉइंटही भरावावरच.)

११ मार्च २०११च्या भूकंपात या भरावाची वाळू पाण्यासारखी झाली. घरं कलली, आणि एका बागेत जमिनीखालच्या टाकीचं मॅनहोल वर उचललं गेलं, ते आठवण म्हणून तसंच ठेवलं आहे. डिस्नेलँडच्या वाहनतळावर चिखल उसळला, पण मुख्य आवाराला फारसा धक्का लागला नाही. कारण बांधतानाच खाली वाळूचे खांब दाबून जमीन घट्ट केली होती. हे आम्ही दुसऱ्या दिवशी रांगेत उभे राहून चिरंजीवांना समजावत होतो. त्यांचं लक्ष सोया सॉस लावलेल्या मक्याच्या लाह्यांकडे होतं.

रात्री हॉटेलात परतलो तेव्हा चिरंजीव कॉटवर बसून डबीशी खेळत होते. त्यांना मराठी समजते, पण बोलताना गाडी इंग्रजीवर घसरते. बटण दाबून ते इंग्रजीत काहीतरी पुटपुटले. डबी म्हणाली, "आजी, आपण परत कधी येणार आहात?"

आई क्षणभर गप्प झाली. "आपण काय रे? 'तू' म्हण," ती त्याला म्हणाली. मग आमच्याकडे वळून, अगदी बाजारहाटाच्या सुरात, "हे डबडं मी पुण्याला नेऊ का? रविवारी फोनवर बरं पडेल."

इंजिनियरला यावर काही सुचलं नाही. सौ.ने चार्जर गुंडाळून आईच्या पिशवीत ठेवला. चिरंजीवांनी तो बाहेर काढला आणि म्हणाले, "आजी, नको ना. तू... तू कधी येते?"

"येतेस," आई म्हणाली, आणि मग कधी येणार ते सांगत बसली.