स्कूटरचे मागचे चाक आणि व्यापाऱ्याची पाठ

खजुरीसारख्या सीमेवरील गावी दुकान चालविणाऱ्या गृहस्थाचा सारा दिवस गल्ल्यावर बसूनच जात असेल, असे परगावच्या माणसास वाटणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती तशी नाही. एका अंगास आळंद व त्यापुढे कलबुर्गी, दुसऱ्या अंगास सीमा ओलांडली की महाराष्ट्रातील उमरगा, अशा दोन्ही दिशांच्या पेठांशी त्याचा नित्य संबंध असतो. उधारीची वसुली, मालाचे नमुने, आठवड्याचा बाजार, लग्नकार्य, दवाखाना ही सारी कामे आज बहुधा स्कूटरवरच उरकली जातात. पुढे पन्नाशीच्या सुमारास कंबर धरू लागली म्हणजे तो दोष वयाला देतो आणि उरलेला रस्त्याला देतो. दोन्हींत तथ्य आहे. तथापि वय आणि रस्ता आपल्या स्वाधीन नाहीत. स्कूटरच्या मागच्या चाकावरील स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर, ज्याला आपले मेस्त्री 'शॉकअप' म्हणतात, ते मात्र आपल्या स्वाधीन आहेत. त्यांच्याकडे आपण फार थोडे लक्ष देतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

थोडा पूर्वेतिहास

स्कूटरची घडण ज्या वाहनाने रूढ केली, ते इटलीतील पियाज्जो कंपनीचे 'व्हेस्पा' १९४६ साली बाहेर पडले. त्याचे रचनाकार कोरादिनो दास्कानियो हे मुळात विमानविद्येतील अभियंते. चढण्या-उतरण्यास सोपी, कपडे न मळविणारी गाडी त्यांना करावयाची होती. म्हणून चाके लहान ठेवली आणि इंजिन मागच्या चाकाशेजारीच बसविले. पहिल्या व्हेस्पास मागच्या बाजूस खरी स्प्रिंग नव्हतीच. ती सोय १९४८ च्या १२५ सीसी गाडीत आली. त्याच वर्षी बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशनने परदेशी स्कूटरी भारतात आणण्यास प्रारंभ केला. पुढे बजाज ऑटोने पियाज्जोच्या परवान्याने स्कूटरी येथेच बनविल्या आणि तो करार संपल्यावर १९७२ साली 'चेतक' काढली. १९७५ साली साताऱ्यास महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी स्थापन झाली. नोंदणी करून वर्षानुवर्षे स्कूटरची वाट पाहण्याचे ते दिवस ज्येष्ठ वाचकांच्या स्मरणात असतीलच. २००१ साली होंडाची 'ॲक्टिव्हा' आली आणि विनागिअर गाड्यांचे युग स्थिरावले.

या साऱ्या प्रवासात पत्रा बदलला, गिअर गेले, बटणाने गाडी सुरू होऊ लागली. परंतु इंजिन मागच्या चाकाबरोबर वरखाली हलावयाचे, ही मूळ रचना कायम राहिली. मागची बाजू कठीण का लागते, याचे मुख्य उत्तर येथेच आहे.

दणका लागतो कशाने?

मोटारसायकलचे इंजिन सांगाड्यास घट्ट बसविलेले असते, म्हणजे ते स्प्रिंगच्या वर असते. खड्ड्यात फक्त चाक व त्याचा दांडा हलतो. स्कूटरमध्ये इंजिन, पट्ट्याची पेटी आणि चाक मिळून एकच जड तुकडा होतो व तो अख्खा हलतो. हलकी वस्तू उसळली तर चटकन आवरता येते. जड वस्तू उसळली की ती आवरताना स्प्रिंगची दमछाक होते आणि धक्का बैठकीपर्यंत पोहोचतो.

दुसरे कारण चाकाचे. १० इंची रिमवरील ९०/१०० मापाच्या टायरचा एकूण व्यास सुमारे ४३४ मि.मी. भरतो, १२ इंची रिमवरील ९०/९० मापाचा सुमारे ४६७ मि.मी.; तर मोटारसायकलच्या १८ इंची रिमवरील ८०/१०० मापाचा सुमारे ६१७ मि.मी. जो खड्डा मोठे चाक ओलांडून जाते, त्यातच लहान चाक उतरते.

तिसरे कारण बैठकीचे. स्कूटरवर आपण खुर्चीवर बसल्यासारखे बसतो, पाय पुढे असतात. मोटारसायकलस्वारास खड्डा दिसताच पायांवर भार देऊन किंचित उठता येते. स्कूटरस्वारास तसे करणे अवघड, म्हणून धक्का सरळ माकडहाडातून कण्यात जातो. बसलेल्या मनुष्याच्या शरीरास उभ्या दिशेची, सेकंदास ४ ते ८ वेळा होणारी कंपने सर्वांत अधिक जाणवतात, असे कंपनशास्त्र सांगते. मागे बसणाऱ्याचे हाल तर विचारूच नयेत, कारण त्याची जागा चाकाच्या जवळजवळ माथ्यावरच असते. आपली वृद्ध मातोश्री अथवा गृहिणी बहुधा तेथेच, एका बाजूस पाय सोडून बसलेली असते.

यात आपल्या भूमीची भर पडते. काळी जमीन पावसात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया भक्कम नसला की तीवरील रस्त्यास लाटा येतात. डांबर नवे दिसते, तरी गाडी डुलते आणि आपटते.

खर्चापूर्वी करावयाच्या चार गोष्टी

नवा शॉकअप घेण्याची घाई करू नये. प्रथम टायरमधील हवा पाहावी. अनेक १०० ते ११० सीसी स्कूटरांच्या मागच्या चाकास एकट्या स्वारास २९ व दोघांस ३६ पौंड हवा सांगितलेली असते. आपल्या गाडीचा आकडा तिच्या पुस्तिकेत पाहावा. सदैव चाळीस पौंड भरून एकट्याने फिरणाऱ्याने शॉकअपला दोष देऊ नये.

दुसरी गोष्ट, स्प्रिंग भाराखाली किती बसते ते मोजावे. दोघांनी मागचा दांडा धरून गाडी चाक जमिनीवरून सुटेपर्यंत उचलावी आणि चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्यावरील एखाद्या ठरावीक खुणेपर्यंतचे अंतर टेपने घ्यावे. मधल्या स्टँडवर हे माप घेऊ नये. पुष्कळ विनागिअर गाड्यांचा स्टँड इंजिनासच जोडलेला असल्यामुळे स्प्रिंग पूर्ण मोकळी होत नाही. नंतर नेहमीच्या भारासह बसून तेच अंतर पुन्हा मोजावे. चाकाच्या एकूण चालीपैकी साधारण एक तृतीयांश चाल भाराखाली खर्च व्हावी. त्याहून फार अधिक झाली तर खड्ड्यात शॉकअप तळास आपटेल. फार थोडी झाली तर गाडी उडेल. काही शॉकअपना यासाठी तीन खाचांची कडी असते, ती पान्याने फिरते. मात्र ध्यानात ठेवावे की, कडी फिरविल्याने गाडीची मागची उंची बदलते, स्प्रिंगचा कठीणपणा बदलत नाही.

तिसरी गोष्ट, गाडीची शेपटी जोराने दाबून सोडावी. ती एकदा वर येऊन स्थिरावली तर आतील तेल काम करीत आहे. ती दोन-तीनदा झुलली किंवा दांडीवर तेलाचा ओघळ दिसला, तर शॉकअपचे आयुष्य संपले असे समजावे. चौथी गोष्ट रबरी बुशांची. इंजिन ज्या जोडावर झुलते तेथील व शॉकअपच्या दोन्ही टोकांचे बुश झिजले म्हणजे 'खट्खट्' आवाज येतो, मागचे चाक वळणावर डगमगते आणि दोष विनाकारण स्प्रिंगवर येतो.

नवा शॉकअप घेताना

या चारही गोष्टी पाहून झाल्यावर बदल करावयाचाच असेल, तर दोन भोकांमधील लांबी मूळ शॉकअपएवढीच असावी. लांब घातल्यास मागची बाजू उचलली जाते, हँडल चंचल होते आणि दिव्याचा झोत जमिनीकडे झुकतो. वायुयुक्त शॉकअपचा लाभ एवढाच की, सतत धक्क्यांनी तापलेल्या तेलात फेस होत नाही व त्याची आवरशक्ती लांबच्या प्रवासातही टिकते. रस्त्यावर अखंड धावणाऱ्यास तो उपयोगी. गावातल्या गावात फिरणाऱ्यास फरक क्वचितच जाणवेल.

स्प्रिंगच्या वेढ्यांत रबरी गुटका बसविण्याची युक्ती सर्वत्र दिसते. त्याने गाडी बसत नाही हे खरे. पण चाल कमी होऊन प्रत्येक दणका पाठीत जातो. एकाच शॉकअपच्या गाडीस दुसऱ्या बाजूने वेल्डिंग करून आणखी एक जोडणे तर सर्वथा वर्ज्य समजावे. इंजिनाचे कवच त्या जागी भार घेण्यासाठी घडविलेले नसते. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ आणि विम्याच्या अटी अशा फेरफारास आड येऊ शकतात.

विजेच्या स्कूटरी घेणाऱ्यांनीही हे पाहावे. मोटार चाकाच्या तुंब्यातच असेल तर तिचे सारे वजन स्प्रिंगखाली जाते. ती पुढे, गाडीच्या मध्याकडे असेल तर मागचे चाक तुलनेने हलके राहते.

भाराचा हिशेब

स्कूटरचे स्वतःचे वजन सुमारे १०५ ते ११० किलो. तीवर ६५ किलोचा मालक, ६० किलोचा सोबती आणि मागे २५ किलोचे पोते चढले की १५० किलो झाले, म्हणजे गाडीहून अधिक भार झाला; आणि त्याचा मोठा हिस्सा मागच्या एकाच चाकावर, एकाच शॉकअपवर येतो. कोणतीही स्प्रिंग एकट्या स्वारास मऊ आणि या भारास पुरेशी कठीण, अशी दोन्ही असू शकत नाही. म्हणून जड वस्तू पायापुढील फळीवर, ब्रेक व पाय मोकळे राहतील अशी ठेवावी. तेथे तिचा भार दोन्ही चाकांत वाटला जातो. मागे केवळ हलके सामान बांधावे. खरे पोते असेल तर ते मालवाहू रिक्षानेच पाठवावे. तिचे भाडे दवाखान्याच्या खर्चाहून स्वस्त पडते.

हिवाळ्यात तुरीचा माल बाजारात येऊ लागला की प्रत्येकाच्या फेऱ्या वाढतात. त्यापूर्वीच एखाद्या सकाळी अर्धा तास काढून हवा, मोजमाप, तेल आणि बुश ही तपासणी उरकून घ्यावी. दुकानातील तराजू आपण नियमाने तपासून घेतो. ज्या वाहनावर आपले कुटुंब बसते, त्याच्या मागच्या चाकासही तेवढाच मान द्यावा, ही व्यापारी बंधूंस नम्र विनंती.