पंचविसाव्या फेरीची शर्यत

हैदराबादच्या गच्चीबावलीत २००३ च्या ऑक्टोबरात आफ्रो-आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या. पहिल्या आणि आजवर तरी शेवटच्या. दोन खंडांचे खेळाडू एका मैदानात आणायचे ही कल्पना कागदावर भारदस्त होती. पण लांब पल्ल्याच्या धावण्यापुरतं बोलायचं, तर त्यासाठी वेगळा मेळावा भरवायची फारशी गरज उरणार नव्हती. त्याच वर्षी केनियाचा स्टीफन चेरोनो कतारचा नागरिक झाला, सैफ सईद शाहीन हे नाव घेतलं आणि ऑगस्टमध्ये पॅरिसच्या जागतिक स्पर्धेत कतारसाठी स्टीपलचेसचं सुवर्णपदक जिंकून मोकळाही झाला. बहारीननेही हाच रस्ता धरला. केनिया-इथिओपियात जन्मलेली मुलं आखाती देशांच्या जर्सीत आशियाई स्पर्धांत धावू लागली. जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेने २०१७ मध्ये हे देशबदल थांबवले आणि पुढच्या वर्षी तीन वर्षं थांबण्याची अट घालून पुन्हा सुरू केले. तोवर पाच आणि दहा हजार मीटरची आशियाई शर्यत आफ्रो-आशियाई होऊन गेली होती.

अशा शर्यतीत भारतीय धावपटू सुवर्ण कसं आणतो? निकालाच्या तक्त्यातली वेळ पाहून हे कळत नाही. उलट ती वेळच आपल्याला फसवते.

अलीगढ जिल्ह्यातल्या गुलवीर सिंगने मार्च २०२५ मध्ये कॅलिफोर्नियात दहा हजार मीटर २७ मिनिटं ०.२२ सेकंदांत पळून राष्ट्रीय विक्रम केला. दोनच महिन्यांनी दक्षिण कोरियातल्या गुमीत त्याने आशियाई अजिंक्यपद स्पर्धेचं सुवर्ण जिंकलं, ते २८ मिनिटं ३८.६३ सेकंदांत. म्हणजे तब्बल ९८ सेकंद जास्त. दोन महिन्यांत गडी ढेपाळला का? अजिबात नाही. कॅलिफोर्नियात तो घड्याळाशी पळत होता, गुमीत माणसांशी.

विक्रमासाठी भरवलेल्या शर्यतीत पेसमेकर असतात. ठरलेल्या वेगाने पुढे पळायचं, वारा अंगावर घ्यायचा आणि काम झालं की बाजूला व्हायचं, याचेच त्यांना पैसे मिळतात. आशियाई किंवा जागतिक स्पर्धेत ही सोय नाही. जो पुढे जाईल त्याने वारा खायचा, वेग सांभाळायचा, आणि मागे कोण किती दमलंय हे त्याला दिसतही नाही. मागच्यांना मात्र त्याचा आडोसा फुकट मिळतो. त्यामुळे पंगतीत आधी कुणी उठायचं तसा पेच पडतो, सगळे एकमेकांकडे बघत राहतात आणि फेऱ्या सरकत जातात. चारशे मीटरच्या पंचवीस फेऱ्या. कॅलिफोर्नियात गुलवीरची सरासरी फेरी ६५ सेकंदांच्या आत होती, गुमीत ती ६९ च्या जवळ गेली. शेवटच्या फेरीची घंटा वाजेपर्यंत ज्याच्या पायांत जोर शिल्लक, त्याचं पदक.

या सगळ्यात नजरेत न येणारी एक गोष्ट म्हणजे आतली कडा. ट्रॅकची एक लेन १.२२ मीटर रुंद असते. घोळक्याच्या बाहेरून, दुसऱ्या लेनमधून अख्खी फेरी मारली तर सात मीटरहून जास्त अंतर फुकट पळावं लागतं. म्हणून प्रत्येकाला आतल्या कडेला चिकटायचं असतं, आणि तिथेच अडकण्याची भीतीही असते. तमिळनाडूच्या जी. लक्ष्मणनला ही कडा चांगलीच महागात पडली. २०१८ च्या जकार्ता आशियाई खेळांत दहा हजार मीटरमध्ये तो तिसरा आला. पण पुढे निघताना त्याचं पाऊल ट्रॅकच्या आत पडलं होतं. तो बाद ठरला आणि कांस्य चीनच्या धावपटूकडे गेलं.

याच लक्ष्मणनने वर्षभर आधी भुवनेश्वरच्या आशियाई स्पर्धेत पाच आणि दहा हजार, दोन्हींत सुवर्ण जिंकलं होतं. पाच हजारची वेळ होती १४ मिनिटं ५४ सेकंद. त्यानंतर महिनाभराने लंडनच्या जागतिक स्पर्धेत तोच माणूस १३ मिनिटं ३५ सेकंदांत पळाला. भुवनेश्वरचं सुवर्ण म्हणून कुणी हलकं लेखू नये. जुलैच्या त्या दमट हवेत वेगाने पळायची कुणाचीच तयारी नव्हती, आणि तसं पळायला कुणी त्याला भागही पाडलं नाही. पण अशी सुवर्णपदकं समोरच्यांच्या मर्जीवर असतात, हेही खरं.

याची उलट बाजू महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या डांगच्या मुरली गावितने अनुभवली. २०१९ च्या दोहा आशियाई स्पर्धेत तो दहा हजार मीटर २८ मिनिटं ३८.३४ सेकंदांत पळाला. गुलवीरच्या गुमीतल्या सुवर्णापेक्षा ही वेळ किंचित सरसच. पण दोहात पुढे बहारीनचे दोघे होते, आणि मुरलीच्या गळ्यात त्या दिवशी कांस्य पडलं.

वाट बघत बसण्याचा हा खेळ न मानणारा माणूस मराठवाड्यातला आहे, बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. अर्थात त्याची शर्यत वेगळी. तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये २८ अडथळे आणि सात वेळा पाण्यावरून उडी. घोळक्यात पळताना पुढचा लाकडी अडथळा अगदी तोंडाशी येईपर्यंत दिसत नाही. पाऊल चुकलं की आपटायची धास्ती. इथे पुढे राहण्यात काही नफाही आहे. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई खेळांत साबळे सुरुवातीलाच सगळ्यांना सोडून निघाला, तो ८ मिनिटं १९.५० सेकंदांचा स्पर्धाविक्रम करूनच थांबला. गुमीतही त्याने सुवर्ण घेतलं. स्टीपलचेसचं आशियाई अजिंक्यपद भारतीय पुरुषाने जिंकलं ते १९८९ मधल्या दीना रामनंतर थेट गुमीत.

गुलवीरचं वेगळेपण मला गुमीतल्या पाच हजार मीटरमध्ये जास्त दिसलं. ही शर्यत रेंगाळली नाही. आधीचा स्पर्धाविक्रम कतारच्या मोहम्मद अल-गार्नीचा होता, १३ मिनिटं ३४.४७ सेकंद. गुमीत पहिल्या तिघांनीही तो मोडला, तोही नऊ-नऊ सेकंदांहून जास्त फरकाने. म्हणजे इथे बाकीच्यांनी वेग लावला होता, आणि तरीही शेवटच्या फेरीसाठी गुलवीरकडे काही उरलं होतं. गुलवीर १३:२४.७७, थायलंडचा कीरन तुंतिवेत १३:२४.९७, जपानचा नागिया मोरी १३:२५.०६.