पहिले दोन दिवस

श्रावणातली पहाट. सहा वाजून गेलेले. कंत्राटी सफाई कामगारांच्या हजेरी चौकीच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि मुकादम एकेक नाव पुकारून मस्टरवर खूण करत होते. रांगेतल्या एका ताईंनी कपाळावर फडके घट्ट बांधले होते. अंगात ताप होता. "घरी का नाही थांबलात?" मी विचारले. "खाडा पडतो, भाऊ. गेल्या महिन्यात दोन पडले, वाण्याची उधारी अजून फिटली नाही." पोटरीवर काचेने चिरलेली जखम, तिच्यात हळद भरलेली. गमबूट फाटला म्हणून पायात चपला.

ती जखम पाहून माझ्या पोटात गोळा आला. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदरांच्या लघवीतून साचलेल्या पाण्यात मिसळतात आणि चिरलेल्या कातडीतून शरीरात शिरतात. सुरुवातीला नुसता ताप, डोकेदुखी, पोटऱ्यांत कळा. तेव्हाच डॉक्सिसायक्लिनसारखे स्वस्त औषध मिळाले तर माणूस बहुधा सावरतो. दुखणे अंगावर काढले तर मूत्रपिंड आणि यकृतावर बेतू शकते.

नेमक्या याच सुरुवातीच्या दिवसांत कंत्राटी कामगाराचे हात रिकामे असतात. महिना २१ हजार रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांसाठी राज्य कामगार विमा योजना आहे. कामगाराच्या वेतनातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के वर्गणी जाते. आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के भत्ता मिळतो. पण एरवी पहिले दोन दिवस त्यात धरत नाहीत, आणि ठरलेल्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. क्षयरोगासारख्या दीर्घ आजारात ८० टक्के भत्ता दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. त्यासाठी अट दोन वर्षांच्या सलग नोकरीची. कंत्राटदार बदलतो, रस्ता तोच, झाडू तोच, पण कागदावरची सलगता तुटू शकते.

मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने कायम नोकरीची लढाई न्यायालयात नेली. महापालिकेच्या २,७०० कंत्राटी कामगारांना कायम करण्याचा निवाडा औद्योगिक न्यायाधिकरणाने दिला आणि २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. कायम कामगाराला आजारपणात हक्काची रजा असते. कंत्राटावर राहिलेल्यांना आजही खाड्याचीच धास्ती.

सफाई कामगारांची गैरहजेरी म्हटली की आपल्याकडे दारू आणि आळस यांचीच चर्चा होते. मस्टरवर खुणा दोनच, हजर आणि गैरहजर. आजाराला रकाना नाही. तो असेल, तर एकाच चौकीतले चौघे एका आठवड्यात तापाने पडले की आरोग्य खात्याला वेळेत कळेल. तो रकाना आखायला हवा, आणि पहिले दोन दिवस भरपगारी धरायला हवेत. त्याशिवाय तापात कोणी घरी थांबणार नाही.

दुपारी दीडला त्या ताई कामावरून सुटल्या, तेव्हा जवळच्या दवाखान्याची ओपीडी बंद झाली होती. मस्टरवर त्यांच्या नावापुढे हजेरीची खूण होती.